‘उद्देश लिहा’ हा रकाना



वाडा, आखाडा, सुरसागरची पाळ, गणपतीची मिरवणूक या आठवणी मी तुम्हाला पुष्कळ सांगितल्या. आज आठवणी थोड्या आणि मत जास्त. म्हाताऱ्याचं मत आहे, पटलं तर घ्या, नाही पटलं तर सांगा. पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती, कारण शेवटी तुमच्याकडून काहीतरी मागणार आहे.

गेल्या आठवड्यात रावपुरा टॉवरजवळ आमचे जुने गुजराती शेजारी भेटले. “नात काय करते हल्ली?” मी म्हटलं, “नोकरी करते आणि आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात एम.ए. करायचंय म्हणून अर्ज केलेत. दोन बाहेर, एक दिल्लीला.” ते थोडे थांबले आणि म्हणाले, “काका, एमां नोकरी क्यां?”

त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. हाच प्रश्न माझ्या घरात माझ्या मुलाने विचारला, सूनबाईंनी विचारला आणि त्रेपन्न वर्षांपूर्वी माझ्या वडिलांनी मला विचारला होता. मुलगा इंजिनिअर होऊन एम.एस.ला निघाला की आपण पेढे वाटतो. बी.कॉम. झालेली मुलगी ‘मला जगाचं राजकारण शिकायचंय’ म्हणाली की घरात शांतता पसरते. जसं काही तिने नाटक कंपनीत जाते म्हटलं!

गोष्ट मागच्या वर्षीपासून सांगतो.

नात आपल्या एम.एस. युनिव्हर्सिटीतून २०२४ साली बी.कॉम. झाली. तिने एका कन्सल्टंटकडे नाव घातलं. फी पस्तीस हजार. त्यांनी अमेरिकेतल्या तीन विद्यापीठांचे अर्ज भरून दिले. २०२५च्या मार्चमध्ये एका ठिकाणाहून प्रवेशाचं पत्र आलं. घरात आनंद. पण पत्रात शिष्यवृत्तीचा एक डॉलरसुद्धा नव्हता. दोन वर्षांची फी, राहणं, जेवण, विमा, विमानभाडं सगळं धरून पंचाहत्तर लाखांच्या घरात जात होतं. तेव्हा मुलगा फाइल घेऊन माझ्याकडे आला. “बाबा, तुम्ही आयुष्यभर लोन पास केलीत. ही फाइल बघा.”

मी चष्मा लावला आणि सवयीप्रमाणे पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. गुणपत्रकं छान, शिफारसपत्रं ठीक. मग तो निबंध आला, ज्याला ही मुलं एस.ओ.पी. म्हणतात. म्हणजे तुम्हाला हा विषय का शिकायचाय, शिकून काय करणार, हे दोन पानांत सांगायचं. निबंध इंग्रजीत होता आणि इंग्रजी माझ्यापेक्षा शंभरपट चांगलं होतं. लहानपणापासून जागतिक शांततेची ओढ, नेतृत्वगुण, विविध संस्कृतींचं आकर्षण, वगैरे. मी दोनदा वाचला आणि नातीला हाक मारली.

“अगं, यात तू कुठे आहेस?”

“म्हणजे, आबा?”

“यात रावपुरा नाही, बडोदं नाही, तुझं कॉमर्स नाही. वरचं नाव खोडून बंगलोरच्या एखाद्या मुलाचं घातलं तरी चालेल.”

ती गप्प. मग हळूच म्हणाली, “आबा, तो मी नाही लिहिला. त्यांनी लिहून दिला.”

मंडळी, मी अडतीस वर्षं एका राष्ट्रीयीकृत बँकेत काढली. त्यातली निम्मी कर्जाच्या टेबलावर. कर्जाच्या अर्जात एक रकाना असतो: कर्जाचा उद्देश. पुष्कळ लोक तिथे एजंटाने सांगितलेलं एकच वाक्य लिहायचे, ‘धंदा वाढवण्यासाठी’. शंभरातल्या ऐंशी अर्जांत तेच. मी तो रकाना वाचून विचारायचो, “कोणता धंदा? किती वाढवणार? गिऱ्हाईक कोण?” ज्याला खरंच धंदा करायचा असे तो लगेच बोलायला लागे. मकरपुरा जी.आय.डी.सी.तला एक लेथवाला मला तासभर बुशिंगच्या मापांबद्दल सांगत बसला होता. त्याच्याकडे तारण कमी होतं, पण कर्ज दिलं आणि ते शेवटच्या हप्त्यापर्यंत फिटलं. छापील वाक्य लिहिणारे पहिल्या प्रश्नालाच अडखळायचे.

विद्यापीठातला अर्ज वाचणारा माणूस माझ्यासारखाच कुणीतरी असणार. त्याच्यापुढेही ढीग असणार आणि छापील वाक्यं वाचून त्याचेही डोळे दुखत असणार.

पण नातीला नुसतं ‘खोटं आहे’ म्हणून काय उपयोग? खरं काय ते शोधायला हवं होतं. त्यासाठी आधी माझ्या शेजाऱ्यांच्या, माझ्या मुलाच्या आणि खरं तर आपल्या सगळ्यांच्या मनातली एक समजूत काढायला हवी. आंतरराष्ट्रीय राजकारण म्हणजे दिल्ली, न्यूयॉर्क, टाय लावलेले लोक, आपला काय संबंध, ही ती समजूत.

१९९१ साली मी फॉरेन एक्स्चेंजच्या टेबलावर होतो. आखातात युद्ध झालं, तेल महागलं, देशाची परकीय गंगाजळी आटली. त्या दिवसांत रिझर्व्ह बँकेने आयातीच्या एल.सी.वर रोख मार्जिन वाढवत वाढवत दोनशे टक्क्यांपर्यंत नेलं. म्हणजे एक लाखाचा सुटा भाग बाहेरून मागवायचा तर दोन लाख रोख आधी बँकेत ठेवा! आमच्या शाखेतले छोटे कारखानदार माझ्या टेबलासमोर रडकुंडीला यायचे. “साहेब, सद्दामचं आणि अमेरिकेचं भांडण, त्यात माझा कारखाना का बंद?” मी फक्त परिपत्रक दाखवत होतो. परिपत्रक मला पाठ होतं, त्यामागचं जग मला कळत नव्हतं. त्याची मला तेव्हाही लाज वाटली होती.

आत्ताचं बघा. २८ ऑक्टोबर २०२४ रोजी स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ आपल्या बडोद्यात आले होते. पंतप्रधान मोदींबरोबर रोड शो झाला आणि सी-२९५ या लष्करी वाहतूक विमानांच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. ५६ विमानांपैकी ४० इथे बनणार. आपण काय केलं? रस्ते बंद म्हणून कुरकुर केली आणि फोटो काढले. ही विमानं इथेच का, स्पेनला त्यात काय मिळालं, आपल्याला काय मिळालं, हे विचारणारं शिक्षण म्हणजेच हा विषय.

आणि दुसरी बाजूही आपल्याच दारात आहे. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. त्यात ३३ जण गुजरातचे होते. त्याआधी जानेवारी २०२२ मध्ये गांधीनगर जिल्ह्यातल्या डिंगुचा गावचं चार माणसांचं कुटुंब कॅनडा-अमेरिकेच्या सीमेवर बर्फात गोठून गेलं. त्यात दोन लेकरं होती. व्हिसा कुणाला मिळतो, कुणाला नाही, आणि नाही मिळाला की माणूस घरदार विकून एजंटाच्या हाती जीव का देतो, हा प्रश्न गुजरातेत राहणाऱ्या मुलीने नाही अभ्यासायचा तर कुणी?

म्हणून मी म्हणतो, कॉमर्सच्या मुलीला हा विषय परका नाही. आपल्या बडोद्याने तर हे शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध केलंय. तिकडे येतोच, पण आधी माझी स्वतःची एक गोष्ट. ही मी आमच्या हिलासुद्धा फार उशिरा सांगितली.

१९७१च्या डिसेंबरात मी कॉलेजात होतो. युद्ध सुरू झालं. रावपुऱ्यात रात्री दिवे मालवलेले, खिडक्यांना काळे कागद लावलेले. आम्ही मुलं ओट्यावर अंधारात बसून रेडिओ ऐकायचो. अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालं, रशिया आपल्या बाजूने, चीन काय करेल कुणास ठाऊक. माझ्या मनात एकच, हे सगळं ठरवतं कोण आणि कसं? तिथून मला वेड लागलं. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत डेबिट-क्रेडिट सोडून मी भलतीच पुस्तकं वाचायला लागलो.

१९७३ला बी.कॉम. झालो. दिल्लीत १९५५ साली इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज निघालं होतं, ते १९७० साली जे.एन.यू.त सामील झालं होतं. मी पत्र टाकून तिथल्या प्रवेशाचे कागद मागवले. आले. अर्ज भरायला बसलो आणि अण्णांनी पाहिलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “यात नोकरी कुठे? बँकेची जाहिरात आलीय, ती भर.” घरात दोन बहिणींची लग्नं व्हायची होती. मी बँकेचा अर्ज भरला. दिल्लीचा तसाच राहिला. त्यातही ‘हा विषय का निवडला’ अशा अर्थाच्या प्रश्नापुढे मी काहीच लिहिलं नव्हतं. लिहिण्यासारखं पोटात पुष्कळ होतं. पण अंधारातल्या रेडिओची गोष्ट अर्जात लिहायची असते, हे मला कुणी सांगितलंच नाही.

बँकेने मला सगळं दिलं. घर, मुलांची शिक्षणं, पेन्शन. तक्रार नाही. पण ते कागद मी फाडले नाहीत. का ठेवले, ते मलाही माहीत नाही.

आता बडोद्याकडे येतो. आपल्या शहरात घडलेले दोन अर्ज मला तुम्हाला सांगायचेत.

पहिला १९१३चा. भीमराव आंबेडकर, वय २२. मुंबईची बी.ए. पदवी, तीही सयाजीराव महाराजांनी दिलेल्या दरमहा शिष्यवृत्तीच्या आधारावर. नुकतेच वडील गेलेले. बडोदा राज्याने अमेरिकेत शिकायला पाठवायचं ठरवलं. ४ जून १९१३ रोजी इथे करारावर सह्या झाल्या. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. अट अशी की, शिकून परत यायचं आणि दहा वर्षं राज्याची नोकरी करायची. बँकवाल्याच्या भाषेत सांगायचं तर तारण शून्य. घर नाही, जमीन नाही, जामीन नाही. तारण फक्त माणूस आणि त्याचा शब्द.

ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ साली एम.ए. झाले. प्रबंधाचा विषय माहीत आहे? प्राचीन भारतातला व्यापार! अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र असं सगळं त्यांनी तिथे शिकून घेतलं. पुढे त्याच विद्यापीठात १९४६ साली आंतरराष्ट्रीय विषयांची वेगळी शाळाच निघाली, जिथे आज जगभरची मुलं अर्ज करतात. व्यापार, पैसा, राज्यकारभार आणि जग ही एकाच दोरीची पेडं आहेत, हे बाबासाहेबांनी त्याच्या कितीतरी आधी करून दाखवलं. त्यांचा ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा ग्रंथ १९२५ साली निघाला, तो त्यांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केलाय, माझ्या शिक्षणाला केलेल्या मदतीबद्दल कृतज्ञता म्हणून. हे आपण अभिमानाने सांगतो, सांगायलाच हवं.

पण दुसरा अर्ज आपण सांगत नाही. तो १९१७चा.

करार पाळायला बाबासाहेब सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्याला आले. परदेशात शिकलेला, राज्याचा अधिकारी होणारा माणूस. शहरात राहायला खोली मिळेना. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावं लागलं. सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी राज्याच्या मंत्र्यांकडे अर्ज केला होता. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत त्यांनी लिहिलंय की तो अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला, आणि उत्तर यायच्या आतच अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं धर्मशाळेत आली आणि त्यांना संध्याकाळपर्यंत बाहेर निघायला सांगितलं. एक हिंदू मित्र, एक ख्रिस्ती मित्र, दोघांनी काही ना काही कारण सांगितलं. ते कमाटीबागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले. ज्याला शिकवायला राज्याने जगाच्या पलीकडे पाठवलं, त्याला शहराने एक खोली दिली नाही.

माझे आजोबा १९१७ साली राज्याच्या नोकरीत कारकून होते. आपल्यातल्या पुष्कळांचे आजे-पणजे होते. तो अर्ज माझ्या आजोबांच्या टेबलावर आला होता असं मी म्हणत नाही. पण अर्ज टेबलावरून टेबलावर कसा फिरतो हे मला ठाऊक आहे. कुणी ‘नाही’ म्हणत नाही. फक्त ‘पुढे पाठवा’ असा शेरा मारतात. मीही मारलेत असे शेरे. अर्ज नाकारायला निदान सही करावी लागते, पुढे ढकलायला ती हिंमतही लागत नाही. म्हणून सयाजीबागेतल्या संकल्पभूमीवर गेलो की मला महाराजांच्या औदार्याइतकाच तो फिरत राहिलेला कागदही आठवतो.

आणि याच शहरातलं तिसरं नाव, हंसाबेन मेहता. बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांची मुलगी, आपल्या युनिव्हर्सिटीच्या पहिल्या कुलगुरू. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर त्या भारताच्या प्रतिनिधी होत्या. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ होईल असा इंग्रजी शब्द होता. तो बदलून ‘सर्व माणसं’ असा करायला त्यांनी लावला. १० डिसेंबर १९४८ला जाहीरनामा मंजूर झाला तो त्या शब्दासकट. आपली मुलं रोज हंसा मेहता लायब्ररीत जातात आणि त्या कोण हे विचारलं तर खांदे उडवतात. माझ्या नातीनेही उडवले होते.

असो. फाइलकडे परत येतो.

नातीला, मुलाला, सूनबाईंना समोर बसवलं आणि एका कागदावर हिशेब मांडला. तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून देतो. समजा पन्नास लाखांचं कर्ज, व्याज दहा टक्के. अर्धी रक्कम पहिल्या वर्षी, अर्धी दुसऱ्या वर्षी उचलली. शिक्षणाची दोन वर्षं आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नाही. लोक इथेच फसतात. हप्ता नसतो, व्याज मात्र चालू असतं. सरळ व्याजाने त्या तीन वर्षांचं साडेबारा लाख होतं. ते भरलं नाही तर कर्ज साडेबासष्ट लाख. दहा वर्षांत फेडायचं तर महिना साधारण साडेब्याऐंशी हजार रुपये. तिकडे चांगली नोकरी लागली तर जड नाही. नाही लागली, व्हिसा संपला आणि परत यावं लागलं, तर इथे सुरुवातीच्या पगारात हा हप्ता निघेल का?

तारणाचं म्हणाल तर बँकांच्या नेहमीच्या योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, वर लागतं. काही नावाजलेल्या विद्यापीठांसाठी बँका जास्त रक्कमही तारणाशिवाय देतात, पण अटी नीट वाचाव्या. आमचा वाडा तारण ठेवता येत नव्हता, कारण उताऱ्यावर अजून आजोबांच्या भावांची नावं आहेत. वारस पुण्यापासून न्यू जर्सीपर्यंत पसरलेत. राहिला मुलाचा फ्लॅट. मुलगा म्हणाला, “ठेवतो.” सूनबाई रडल्या. आमची ही म्हणाली, “पोरीचं मन मोडू नका.”

मी नातीला एवढंच म्हटलं, “हा कागद तुझा. निर्णय तू घे.”

तिने दोन दिवस घेतले. मग स्वतःच विद्यापीठाला नकाराचं पत्र लिहिलं. त्या रात्री ती जेवली नाही आणि मला झोप आली नाही. अण्णांनी मला थांबवलं होतं, मी तिला थांबवलं का? मी स्वतःची समजूत घालतो की अण्णांनी ‘भर’ सांगितलं, मी हिशेब दाखवून निर्णय तिच्यावर सोडला. पण एकवीस-बावीस वर्षांच्या मुलीपुढे आजोबाने आकडे मांडले की तो निर्णय कितीसा तिचा राहतो? याचं पक्कं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

पुढे ती मकरपुऱ्यात एका निर्यात करणाऱ्या कारखान्यात लागली. डॉक्युमेंटेशनच्या टेबलावर. इनव्हॉइस, बिल ऑफ लेडिंग, एल.सी., सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन. माझंच टेबल, पलीकडच्या बाजूने! तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होतात म्हणून युरोपचा माल आफ्रिकेला वळसा घालून जातो, हे तिला भाड्याच्या बिलातून कळलं. २०२५च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर पन्नास टक्क्यांपर्यंत आयात कर लावला. तिच्या कारखान्यातल्या दोन ऑर्डरी थबकल्या आणि पॅकिंगमधल्या काही बायकांना ‘पुढच्या महिन्यात बोलावू’ म्हणून घरी पाठवलं. त्या संध्याकाळी ती घरी आली आणि म्हणाली, “आबा, वॉशिंग्टनमध्ये सही झाली आणि इथे एका बाईचा महिन्याचा पगार गेला. मधे काय काय होतं ते मला शिकायचंय.”

मी म्हटलं, “हेच लिही.”

यंदाचा निबंध तिने स्वतः लिहिला. चार वेळा खोडला. इंग्रजी कन्सल्टंटइतकं गुळगुळीत नाही. पण त्यात पॅकिंगमधली ती बाई आहे, मकरपुरा आहे, एल.सी. आहे आणि हो, हंसाबेनही आहेत. तिने माझी १९९१ची गोष्टही दोन ओळींत घातलीय, मला न विचारता. निकाल मार्चमध्ये. काय होईल ते होवो.

आता माझं मत, थोडक्यात.

मुलांना सांगतो. निबंध विकत घेऊ नका. तो एकच कागद असा आहे जिथे तुमच्याऐवजी दुसरा कुणी उभा राहू शकत नाही. पुढच्या सप्टेंबरच्या प्रवेशाला आदल्या डिसेंबर-जानेवारीत अर्ज जातात, म्हणून उन्हाळ्यातच सुरुवात करा. आपली बी.कॉम. तीन वर्षांची असेल तर ती चालते का, हे प्रत्येक विद्यापीठाला आधी विचारा. दोन-तीन वर्षं नोकरी करून अर्ज केला तर काही बिघडत नाही, उलट लिहायला काहीतरी असतं. ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला तर दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतोच, आणि शिकून दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. सयाजीरावांचीच अट, थोडी सौम्य. १८९२ सालापासून चालू असलेली जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती आहे, तीही बघा. आणि परराष्ट्र सेवेत जायचं असेल तर यू.पी.एस.सी.ला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, त्यासाठी घर गहाण टाकून परदेशी पदवी आणायची गरज नाही.

आईवडिलांना सांगतो. ‘यात नोकरी कुठे’ हा प्रश्न जरूर विचारा, पण तो पहिला प्रश्न नसावा. पहिला प्रश्न ‘हे तुला का शिकायचंय’ असा असावा. उत्तर ऐकून मग हिशेबाला बसा. हिशेब मात्र लपवू नका. प्रेमापोटी फ्लॅट गहाण टाकून मुलाच्या डोक्यावर न सांगितलेलं ओझं ठेवणं हेही बरोबर नाही.

आणि तिसरं आपल्या सगळ्यांना. आपली मंडळं दरवर्षी दहावी-बारावीच्या मुलांचे सत्कार करतात. शाल, श्रीफळ, वह्या, फोटो. ते राहू द्या. पण त्यातला निम्मा खर्च वाचवून दरवर्षी एका मुलाचं किंवा मुलीचं शिक्षणकर्जाचं त्या पहिल्या तीन वर्षांचं व्याज आपण भरू शकत नाही का? वर मांडलेला हिशेब पुन्हा बघा. मुलाला बुडवतं ते तेच व्याज. दहा-बारा लाखांच्या कर्जाचं व्याज दहा घरांनी मिळून उचललं तर कुणाला जड जाणार नाही. महाराज आता नाहीत, पण आपण आहोत ना?

माझ्याकडून मी एक सुरू करतोय. येत्या महिन्यापासून दर रविवारी सकाळी दहा ते बारा माझ्या ओट्यावर टेबल टाकून बसणार. ज्या मुलामुलीला अर्ज किंवा कर्जाचे कागद दाखवायचे असतील त्यांनी यावं. मराठी, गुजराती, कुठल्याही जातीची, कुठल्याही गल्लीतली. फी नाही. बँकेतून निवृत्त झालेले आणखी दोन मित्र तयार झालेत, कॉलेजात शिकवलेलं कुणी मिळालं तर उत्तम. निबंध लिहून देणार नाही, पण वाचून प्रश्न विचारू.

या टेबलाचा नियम एकच. कुठलाही कागद ‘पुढे पाठवा’ म्हणून सरकवायचा नाही. हो किंवा नाही, कारणासकट, त्याच दिवशी.

माझे ते १९७३चे कागद मी परवा नातीला दाखवले. तिने तो कोरा प्रश्न पाहिला आणि पेन पुढे केलं. “आबा, आता लिहा.” हसलो. पण मंडळी, रात्री सगळे झोपल्यावर लिहिलं. चार ओळी. अंधार, ओटा, रेडिओ.

तुमच्या घरातही असा एखादा न पाठवलेला अर्ज असेल. असेल तर त्याची गोष्ट लिहा. आणि घरात कुणी नवा अर्ज भरत असेल, तर रविवारी पाठवा. चहा आमच्याकडे.

– एक निवृत्त बँकवाला, रावपुरा, बडोदं